कल्याण कॅम्प, कराची आणि कलम सहा

२०१९-२० चा हिवाळा आपल्यापैकी कुणी विसरले असेल असे वाटत नाही. त्या दिवसांत मोहल्ल्यामोहल्ल्यांत एकच उद्योग चालला होता, जुने कागद शोधण्याचा. माळ्यावरच्या पेट्या खाली उतरल्या. शाळा सोडल्याचे दाखले, सात-बाराचे उतारे, पिवळी पडलेली रेशनकार्डे, निकाहनामे. झेरॉक्सच्या दुकानांपुढे रांगा लागल्या. नावातले एक अक्षर इकडचे तिकडे झाले असेल तर रात्रीची झोप उडू लागली. आमच्याही घरी आजोबांची पत्र्याची पेटी उघडली गेली. तीत इतर चिजांबरोबर त्यांची 'नल्ली' निघाली. नल्ली म्हणजे खलाशाच्या नोकरीची नोंदवही, हे कोकणातल्या वाचकांना सांगायला नको. आजोबा रत्नागिरी जिल्ह्यातले. बंदरातल्या आणि बोटीवरच्या कामासाठी ते कराचीला असत. १९४८ च्या जून महिन्यात ते बोटीने मुंबईला उतरले आणि पुन्हा कराचीला गेले नाहीत. घरात ही हकिगत नेहमी एका वाक्यात सांगितली जाई, 'दादा पावसाच्या तोंडावर परत आले.' त्या जून महिन्याला काही महत्त्व असेल, हे आम्हाला तोवर ठाऊक नव्हते.

ते लक्षात आणून दिले आमच्या शेजारच्या सिंधी काकांनी. आम्ही शहाडला राहतो. स्टेशनातून बाहेर पडले की एका अंगाला रेयॉन कारखान्याच्या चिमण्या दिसतात, दुसरीकडे मुरबाडचा रस्ता, आणि थोडे आत शिरले की उल्हासनगरच्या एक नंबर कॅम्पची वस्ती सुरू होते. काकांचे दुकान तिथेच. कागद हुडकण्याची आमची धांदल ऐकून त्यांनी आपल्याही वडिलांचे एक पाकीट काढले. त्यात विस्थापित म्हणून नोंद झाल्याचा कागद होता, बराकीचा नंबर असलेली पावती होती. ते म्हणाले, "भाईजान, तुमचे आजोबा आणि माझे वडील एकाच बंदरातून निघाले. तुमचे घरी आले, आमचे घर सोडून आले. तारीख तेवढी दोघांनीही साधली." कुठली तारीख, असे आम्ही विचारले. ते म्हणाले, "१९ जुलै."

त्या तारखेचा माग काढताना जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. नागरिकांच्या हक्कांवर बोलणारे व्याख्याते साधारणपणे इंग्लंडच्या मॅग्ना कार्टापासून, म्हणजे १२१५ सालापासून, सुरुवात करतात आणि फ्रान्सच्या १७८९ च्या जाहीरनाम्यावरून भारताच्या संविधानावर येतात. हा क्रम चुकीचा नाही. पण आपल्या दाराशी जे घडले ते त्यात येत नाही.

आधी एक जुनी गोष्ट आठवायला हवी. सिंध हा प्रदेश १ एप्रिल १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होता. कराची आणि कल्याण एकाच गव्हर्नरच्या हाताखाली होते. सिंधमधील कॉलेजे मुंबई विद्यापीठाशी जोडलेली होती. कोकणातला खलाशी कराचीला जाई तेव्हा तो परमुलखात जात नव्हता, इलाख्यातल्या दुसऱ्या बंदरात जात होता. याच कराचीत मार्च १९३१ मध्ये सरदार पटेलांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि त्यात मूलभूत हक्कांचा ठराव मंजूर झाला. भाषणाचे, संघटनेचे आणि धर्माचे स्वातंत्र्य, कायद्यापुढे समानता, प्रौढ मताधिकार, आणि राज्ययंत्रणेने सर्व धर्मांबाबत तटस्थ राहावे, अशी कलमे त्यात होती. त्याआधी १९२८ च्या नेहरू अहवालातही हक्कांची यादी होती. मोतीलाल नेहरूंच्या त्या समितीत आपल्या विदर्भातले माधवराव अणे होते, तसेच सर अली इमाम आणि शुऐब कुरेशीही होते. इंग्रज सरकारला मात्र ही कल्पना पसंत नव्हती. सायमन कमिशनने हक्कांच्या जाहीरनाम्याची मागणी बाजूला सारली आणि १९३५ च्या कायद्यातही हक्कांचे प्रकरण आले नाही. कागदावरच्या हक्कांना अर्थ नसतो, असा त्यांचा युक्तिवाद. खटल्याशिवाय माणसे तुरुंगात टाकण्याची मुभा देणारा रौलट कायदा करणाऱ्या सरकारने असे म्हणावे यात नवल नाही.

महाराष्ट्रात तर हक्काची लढाई ठरावांच्याही आधी पाण्यावरून लढली गेली. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यावर गेले. त्याआधी १९२३ मध्ये मुंबई कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला होता आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले होते; खुले झाले म्हणजे कागदावर. डिसेंबरात दुसरी परिषद भरवायची ठरली तेव्हा मांडवाला जागा देईना कुणी. शेवटी फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. त्या परिषदेत बाबासाहेबांनी फ्रान्सच्या १७८९ च्या राष्ट्रसभेची आठवण करून दिली आणि माणसाच्या जन्मसिद्ध हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला. कोकणातल्या मुसलमान घराण्यांतून ही फत्तेखानांची आठवण जितकी सांगितली जायला हवी होती तितकी सांगितली गेली नाही, असे आम्हाला वाटते. तळ्याचा दावा हायकोर्टात १९३७ च्या मार्चमध्ये निकाली निघाला. दहा वर्षे! तळे नगरपालिकेचे आहे की खासगी, वहिवाट सिद्ध होते की नाही, या वाटेने ती केस जिंकावी लागली. माणूस म्हणून पाणी पिण्याचा हक्क, असे म्हणायला कायद्यात जागाच नव्हती. पुढे संविधानाच्या कलम १५ मध्ये विहिरी, तलाव आणि स्नानघाट हे शब्द आले, ते असे महाडवरून चालत आले आहेत.

'हक्क' हा शब्द मराठीने अरबीतून घेतला हे आपण जाणतोच. 'अर्ज', 'वकील', 'कायदा', 'जामीन' हेही तसेच आलेले. कोर्टकचेरीची सगळी भाषा आपल्या घरातली आहे, भीती मात्र कोर्टाची वाटते.

आता कॅम्पकडे वळू. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळच्या माळावर लष्करासाठी बराकी उभारल्या गेल्या. युद्ध संपले आणि बराकी रिकाम्या झाल्या. फाळणीनंतर, आणि विशेषतः जानेवारी १९४८ मधील कराचीच्या दंगलीनंतर, सिंधी हिंदूंचे लोंढे बोटींनी आणि गाड्यांनी मुंबईकडे आले, तेव्हा सरकारने त्यांना या बराकींत आणून ठेवले. लाखाच्या आसपास माणसे. एकेका बराकीत अनेक कुटुंबे, मध्ये गोणपाटाचे पडदे. काकांच्या आठवणीत त्या दिवसांचे दोन आवाज आहेत, रात्री पत्र्यावर पडणाऱ्या पावसाचा आणि सकाळी नळावरच्या भांडणाचा. आम्ही त्यांना एकदा विचारले की तुम्हाला या देशात परके वाटत होते का. ते म्हणाले, परके वाटायला फुरसत कुणाला होती, आधी बादली भरायची असे.

या माणसांचे कायद्याने काय नाते होते या देशाशी? ब्रिटिशांच्या राज्यात सगळेच रयत होते. १५ ऑगस्ट १९४७ ला सरहद्द पडली आणि सिंध परका मुलूख झाला. बराकीतला सिंधी ज्या भूमीवर जन्मला ती आता भारतात नव्हती. आणि उलट बाजूने पाहा. कराचीत, लाहोरात, ढाक्यात कामाला गेलेला, पण बायकामुले रत्नागिरीत, मुंबईत किंवा लखनौत असलेला मुसलमान. त्याची भूमी भारतात होती, पण तो स्वतः त्या घटकेला पलीकडे होता. दोघांचाही प्रश्न एकच होता, आपण आता कुठले?

पहिले उत्तर आले ते परवान्याच्या रूपाने. पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांवर परवाना लागू करणारा वटहुकूम काढण्यात आला आणि तो १९ जुलै १९४८ पासून अमलात आला. त्या दिवसाच्या आधी जो आला तो आला. त्यानंतर परवान्याशिवाय पाऊल ठेवणे हा गुन्हा ठरला. हाच वटहुकूम पुढे १९४९ चा कायदा झाला. आमचे आजोबा जूनमध्ये उतरले होते. महिनाभर थांबले असते तर त्यांच्या पुढच्या आयुष्याला कुठले वळण लागले असते, हे आम्हाला सांगता येत नाही.

१९४९ च्या ऑगस्टचा दुसरा आठवडा आला. ८ ऑगस्टला गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी कल्याण कॅम्पात आले. त्यांनी नव्या नगराची कोनशिला बसवली आणि छावणीचे नाव उल्हासनगर झाले. उल्हास नदीवरून पडलेले हे नाव. त्यानंतर दोनच दिवसांनी, १० ऑगस्टला, दिल्लीत डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेपुढे नागरिकत्वाची कलमे मांडली. या दोन घटनांचा परस्परांशी ठरवून काही संबंध नव्हता. पण कॅम्पातल्या माणसाच्या दृष्टीने त्या एकच घटना होत्या. एका जागी त्याला पत्ता मिळत होता, दुसऱ्या जागी देश.

या कलमांवर तीन दिवस चर्चा झाली. आंबेडकरांनीच आरंभी कबुली दिली की मसुदा समितीला याइतके सतावणारे दुसरे कलम क्वचितच असेल. कलम ५ सोपे होते. ज्याचे कायम वास्तव्य भारतात आहे आणि जो येथे जन्मला, किंवा ज्याच्या आईबापांपैकी एक येथे जन्मला, किंवा जो पाच वर्षे येथे राहिला, तो नागरिक. (मौलाना आझाद मक्केत जन्मले होते. देशाचा पहिला शिक्षणमंत्री नागरिक ठरला तो स्वतःच्या जन्मस्थानामुळे नव्हे. त्यांच्या वडिलांचा जन्म दिल्लीचा.) कलम ६ कॅम्पातल्या माणसांचे. अखंड भारतात ज्याचा, किंवा ज्याच्या आईबापांपैकी वा आजी-आजोबांपैकी कुणाचा जन्म झाला, आणि जो पाकिस्तानातून १९ जुलै १९४८ च्या आधी येऊन येथे राहिला, तो आपोआप नागरिक. त्या तारखेनंतर आलेल्याने सहा महिन्यांच्या वास्तव्यानंतर अर्ज करून नाव नोंदवायचे. कलम ७ उलट दिशेचे. १ मार्च १९४७ नंतर जो पाकिस्तानात स्थलांतर करून गेला तो नागरिक नव्हे. पण कायम परतण्याच्या परवान्यावर जो परत आला त्याला कलम ६ प्रमाणे नोंदणी करून नागरिक होता येईल.

खरी ठिणगी या शेवटच्या तरतुदीवर पडली. परत येणारे हे बहुतेक मुसलमान होते. जसपत राय कपूर आदी सदस्यांनी तिच्यावर कडाडून टीका केली. गेलेल्यांना पुन्हा दार का उघडता, असा त्यांचा सवाल होता, आणि त्यांची घरेदारे निर्वासितांना दिली गेली असतील तर काय करणार, असाही. हा सवाल निव्वळ द्वेषाचा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. समोर बराकीत माणसे पडली होती.

दुसरी सूचना आपल्या महाराष्ट्रातल्याच एका थोर माणसाकडून आली, आणि ती लपवून ठेवण्यात अर्थ नाही. डॉ. पंजाबराव देशमुखांनी विदर्भात बहुजनांच्या मुलांसाठी शाळा-कॉलेजांचे जाळे उभारले, अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून ते उभे राहिले. त्यांच्याविषयी आम्हाला आदर आहे. त्यांचे म्हणणे असे पडले की नुसत्या जन्मावर नागरिकत्व देणे म्हणजे ते फार स्वस्त करणे होय. म्हणून त्यांनी दुरुस्ती सुचवली, की जो धर्माने हिंदू किंवा शीख आहे आणि दुसऱ्या कुठल्या देशाचा नागरिक नाही, तो कुठेही राहत असो, त्याला भारताच्या नागरिकत्वाचा हक्क असावा. मुसलमानांसाठी एक देश झाला आहे, हिंदू-शिखांना दुसरे ठिकाण नाही, असा त्यामागचा विचार.

या सूचनेला हरकत घेणाऱ्यांत एक नाव आम्हाला फार बोलके वाटते. आर. के. सिधवा हे पारशी. एके काळी कराचीचे महापौर, फाळणीने तेही आपल्या शहराला मुकलेले. हिंदू आणि शीख अशी नावे घालायची कशाला, पारशी आणि ख्रिस्तीही तिकडून येतील त्यांचे काय, असे त्यांनी विचारले. अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांनी तर स्पष्टच सांगितले की वंश किंवा धर्म यांवरून माणसामाणसांत भेद करून नागरिकत्व ठरवणे आपल्याला करता येणार नाही. नेहरूंनीही परवान्याच्या तरतुदीची बाजू उचलून धरली. १२ ऑगस्ट १९४९ ला मतदान झाले. देशमुखांची दुरुस्ती फेटाळली गेली आणि कलमे मंजूर झाली.

यातली मोलाची गोष्ट नीट पाहिली पाहिजे. कलम ६ मध्ये 'हिंदू' किंवा 'सिंधी' हा शब्द नाही. कलम ७ मध्ये 'मुसलमान' हा शब्द नाही. ज्यांच्यासाठी ती लिहिली गेली त्यांची नावे सगळ्यांना माहीत होती, तरीही कायद्यात जन्म, वास्तव्य, तारीख आणि अर्ज एवढ्याच गोष्टी आल्या. म्हणूनच काकांच्या वडिलांचा आणि आमच्या आजोबांचा न्याय एकाच मापाने झाला. ही कलमे अगदी निर्दोष होती असेही नाही. परतणाऱ्या मुसलमानाच्या गळ्यात परवान्याची अट होती, येणाऱ्या निर्वासिताला ती व्यवहारात फारशी जाचली नाही. तारखेची भिंत दोघांसाठी सारखी असली तरी तिच्यातले दार एकाला रुंद होते, दुसऱ्याला अरुंद.

त्याच वर्षी मे महिन्यात आणखी एक निर्णय झाला होता. संविधान सभेतील मुसलमान सदस्यांपुढे राखीव जागांचा प्रश्न होता. बेगम ऐजाज रसूल यांनी राखीव जागा नकोत अशी बाजू मांडली. उलट मताचे सदस्यही होते. अखेर धर्माच्या आधारावरील राखीव जागा रद्द झाल्या. त्यानंतर मुसलमानांच्या हाती उरले ते एक मत आणि मूलभूत हक्कांचे प्रकरण. तो सौदा चांगला होता की वाईट, यावर आपल्यात अजून वाद होतात. आमचे मत असे की त्या प्रकरणावर भरवसा ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि म्हणूनच ते प्रकरण वाचण्यात आपण केलेला आळस अक्षम्य आहे.

संविधान २६ जानेवारी १९५० ला अमलात आले हे शाळकरी पोरही सांगेल. पण नागरिकत्वाची कलमे, म्हणजे ५ ते ९, त्याच्या दोन महिने आधी, २६ नोव्हेंबर १९४९ लाच लागू झाली होती. त्यांच्याबरोबर निवडणूक आयोगाचे कलम ३२४ सुद्धा. प्रजासत्ताक सुरू होण्याआधी प्रजा कोण हे ठरायला हवे होते. मतदार याद्यांचे काम तर १९४८ पासूनच सुरू होते. मतदाराने त्या जागी १८० दिवस राहिलेले असावे अशी अट होती. कॅम्पातला माणूस ती कुठून पुरी करणार? तेव्हा देशभरातील निर्वासितांच्या संघटनांनी संविधान सभेच्या सचिवालयाकडे पत्रांचा मारा केला, आणि सचिवालयाने प्रांतांना कळवले की येथे कायम राहण्याचा इरादा आहे एवढे लेखी निवेदन घेऊन निर्वासितांची नावे घाला. कागद नसलेल्या माणसाच्या शब्दावर राज्ययंत्रणेने विश्वास ठेवला. आज दाखल्यातल्या एका वेलांटीवरून अर्ज परत येतो तेव्हा आम्हाला या गोष्टीची आठवण होते.

आता काही वाचक म्हणतील की कलमे झाली, पुढे काय? हक्क लिहिला म्हणजे तो मिळत नाही हे खरेच आहे. पण आपल्या संविधानाने दोन गोष्टी केल्या. कलम १३ ने हक्कांशी विसंगत कायदे त्या विसंगतीपुरते निष्प्रभ ठरवले आणि कलम ३२ ने थेट सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावण्याचा हक्क दिला. आंबेडकरांनी या कलम ३२ ला संविधानाचा आत्मा मानले होते ते उगाच नाही. महाडच्या खटल्यात हे हत्यार त्यांच्या हाती नव्हते.

आणखी एक बारकावा असा की काही हक्क माणूसमात्राला आहेत. कायद्यापुढील समानता, जीवित, धर्मस्वातंत्र्य हे भारतात असलेल्या कुणालाही. पण भाषण, संघटना, देशभर फिरणे, कुठेही वस्ती करणे हे कलम १९ मधले हक्क फक्त नागरिकाला. म्हणून नागरिकत्व हा दरवाजा आहे आणि तो बंद झाला की आतल्या पुष्कळ खोल्या बंद होतात.

हे हत्यार चालते की नाही याची परीक्षा लवकरच झाली, आणि ती आपल्या मुंबई राज्यातच झाली. इब्राहिम वजीर मवात विरुद्ध मुंबई राज्य हा खटला आपल्या किती वकिलांना आठवतो? पाकिस्तानातून परवान्याशिवाय आल्याचा गुन्हा केला, किंवा केल्याचा नुसता संशय आला, तरी केंद्र सरकारने त्या माणसाला देशाबाहेर काढण्याचा हुकूम द्यावा, असे १९४९ च्या त्या कायद्याचे सातवे कलम सांगत होते. सुनावणी नाही, म्हणणे मांडायची सोय नाही. प्रश्न असा होता की हा माणूस भारताचा नागरिकच असेल तर? १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने निकाल दिला. परवाना न घेतल्याबद्दल शिक्षा करता येईल, पण नागरिकाला त्याच्या स्वतःच्या देशातून बाहेर घालवता येणार नाही. तसे करणे म्हणजे त्याचे नागरिकत्वच नष्ट करणे होय. नागरिकांपुरते ते सातवे कलम कलम १९ शी विसंगत म्हणून रद्दबातल ठरले. न्यायमूर्ती गुलाम हसन यांनी बहुमताचा निकाल लिहिला आणि न्यायमूर्ती सुधिरंजन दास यांनी विरोधी मत नोंदवले. तो मूळ कायदा तोवर, १९५२ मध्ये, पासपोर्टची पद्धत आल्यावर मागे घेतला गेला होता. पण तत्त्व राहिले.

मालमत्तेची लढाई याहून कडू होती. जो पाकिस्तानात गेला त्याची मालमत्ता 'निर्वासितांची' म्हणजे इव्हॅक्युई ठरवून कस्टोडियनच्या ताब्यात जाई आणि त्यातून विस्थापितांना भरपाई मिळे. हेतू समजण्यासारखा होता. पण एखादा मुसलमान व्यापारी कराचीला जाऊन आला, तिकडे थोडा पैसा पाठवला, की त्याच्यावर वर्दी जाई. मुंबईच्या इम्पिरिअल सिनेमाच्या मालकाचे प्रकरण असेच. चौकशी चालू असतानाच १९५० मध्ये त्यांचे निधन झाले. मेलेल्या माणसाला इव्हॅक्युई ठरवता येते का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९५३ मध्ये न्यायालयाने नाही असे उत्तर दिले. मालकी मृत्यूबरोबर वारसांकडे गेली होती. निकाल वारसांच्या बाजूने लागला. ज्यांच्याकडे सिनेमागृह नव्हते, एक खोली किंवा एक दुकान होते, त्यांतले कितीजण दिल्लीपर्यंत जाऊ शकले असतील? आमच्या आजोबांच्या ओळखीतल्या एका घराने वर्दीच्या भीतीने कराचीतल्या सख्ख्या बहिणीला पत्र लिहिणे वर्षानुवर्षे बंद ठेवले होते. ईदेचे कार्डसुद्धा नाही.

काकांपुढे हा विषय आम्ही भीतभीतच काढला. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आमचे कराचीतले घर कुणाला मिळाले ते आम्हाला ठाऊक नाही. त्यालाही कुणीतरी असेच दिले असेल." तिकडेही हाच कायदा होता, आणि तिकडच्या घरात उत्तर प्रदेशातून गेलेले कुणी मुहाजिर राहायला आले असणार.

पुढच्या वर्षांत सिंध्यांनी संविधानाचा वापर आपल्यापेक्षा चांगला करून घेतला, असे आमचे स्पष्ट मत आहे. राज्य नसलेली भाषा म्हणून त्यांनी सिंधीसाठी आग्रह धरला आणि १९६७ मध्ये एकविसाव्या दुरुस्तीने ती आठव्या परिशिष्टात आली. कलम ३० चा आधार घेऊन भाषिक अल्पसंख्य म्हणून त्यांनी संस्था काढल्या. उल्हासनगरचे चांदीबाई कॉलेज आमच्या मुलांनीही पाहिले आहे, काही तिथे शिकलीही आहेत. तेच कलम ३० आपल्या अंजुमनांना लागू आहे. मुंबईची अंजुमन-ए-इस्लाम तर १८७४ ची, संविधानापेक्षा पाऊणशे वर्षांनी वडील. पण गावोगावच्या आपल्या किती जमातींनी या कलमाचा अर्थ समजून घेऊन शाळा काढली? आपण कलम २५ आणि पर्सनल लॉ यांवर मोर्चे काढले, कलम २९-३० वर अर्जसुद्धा केले नाहीत. हे कडू वाटेल, पण घरातच बोलायचे नाही तर कुठे बोलायचे.

नागरिकत्वाचा कायदा मात्र हळूहळू आक्रसत गेला. १९५५ च्या कायद्याप्रमाणे भारतात जन्मला तो नागरिक, एवढे पुरे होते. १ जुलै १९८७ पासून आईबापांपैकी एक नागरिक असण्याची अट आली. ३ डिसेंबर २००४ पासून दोघेही नागरिक, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला, अशी. म्हणजे आजोबांना स्वतःचा जन्म पुरला, नातवाच्या मुलाला आईबापांचे कागद लागू लागले. आणि डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्वाच्या कायद्यात प्रथमच धर्मांची नावे आली. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती. सिधवांनी विचारलेल्या पारशी-ख्रिस्त्यांची सोय झाली, एकाच समाजाचे नाव राहिले. मार्च २०२४ मध्ये त्याचे नियमही निघाले. पीडिताला आसरा द्यावा याला आमची मुळीच हरकत नाही. शहाडला राहणाऱ्या माणसाची असूच शकत नाही, इथली अर्धी वस्ती आसऱ्यावरच उभी राहिली आहे. आमची हरकत आहे ती १२ ऑगस्ट १९४९ ला जे नाकारले गेले होते ते सत्तर वर्षांनी मागल्या दाराने परत आले याला.

काकांशी या कायद्यावरून आमचे जमले नाही. त्यांचे एक नात्यातले कुटुंब सिंधमधून अलीकडे आले आहे, त्यांना त्याचा आधार वाटतो. आम्ही त्यांना म्हटले, "काका, तुमच्या वडिलांना कुणी धर्म विचारला नव्हता." ते म्हणाले, "विचारला नव्हता, पण माहीत होता ना." थोड्या वेळाने त्यांनीच विचारले, "तुमच्या आजोबांना विचारला होता का?" आम्ही म्हणालो, नाही, बोट कुठली आणि गाव कुठले, एवढेच विचारले होते.

त्या दिवशी त्यांनी आपल्या पाकिटातल्या कागदांची एक झेरॉक्स आमच्याकडे ठेवायला दिली आणि आमच्या नल्लीच्या पहिल्या पानाची एक प्रत मागून घेतली. एका घरात पाणी शिरले तर दुसऱ्याकडे राहील, असे म्हणाले. २००५ च्या २६ जुलैला उल्हास नदीचे पाणी चढले होते, ते दोघांनाही आठवत होते. आता ती दोन्ही पाने आजोबांच्या पेटीत एकाच प्लास्टिकच्या पिशवीत आहेत.